शिकवून उरलेल्या वेळातले जलरंग : चित्रकार-शिक्षक विल्यम गिलिस यांच्याबद्दल

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. माध्यमिक शाळेत चित्रकला शिक्षक म्हणून दहा-बारा वर्षं झाली. घरी आलं की ब्रश हातात घ्यायचं त्राण उरत नाही, आणि स्वतःचं म्हणावं असं चित्र कित्येक महिन्यांत झालेलं नाही. एका कार्यशाळेत विल्यम गिलिस या स्कॉटिश चित्रकाराचं नाव कानावर पडलं. जन्मभर शिकवण्याची नोकरी करूनही या माणसाने ढीगभर जलरंग केले, हे ऐकून तुम्हाला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत : त्यांना ते कसं जमलं, आणि त्यांच्या वळणाचं काम करायचं तर सुरुवात कुठून करावी. शेवटी जाता जाता एक ओळ आहे, "की नोकरी सोडूनच द्यावी?"

माझ्या मते खरा प्रश्न ती शेवटची ओळच आहे. गिलिस यांचं आयुष्य त्या दृष्टीनेच बघू. मी जलरंगात काम करतो, कलामहाविद्यालयात बरीच वर्षं शिकवलं आहे आणि गिलिस यांची चित्रं एडिंबरात प्रत्यक्ष पाहिली आहेत. तेवढ्या आधारावर बोलतो. मात्र "त्यांना जमलं, मग तुम्हालाही जमेल" असं म्हणून मी मोकळा होणार नाही, कारण त्यांची परिस्थिती आणि तुमची परिस्थिती यांत फरक आहे. तो आधीच मांडलेला बरा.

गिलिस यांचा जन्म 1898 चा, एडिंबरच्या पूर्वेला असलेल्या हॅडिंग्टन या लहान गावातला. वडिलांचं तंबाखूचं दुकान होतं. नात्यातच एक कलाशिक्षक होते, त्यांच्याकडून लहानपणी रंगांची गोडी लागली. 1916 साली त्यांनी एडिंबर कॉलेज ऑफ आर्टमध्ये नाव घातलं, पण थोड्याच महिन्यांत लष्करात भरती होऊन पश्चिम आघाडीवर जावं लागलं. तिथे जखमी झाले, विषारी वायूचाही मारा सोसला. 1919 मध्ये परत येऊन शिक्षण पुन्हा सुरू केलं आणि 1922 मध्ये पुरं केलं. मग शिष्यवृत्तीवर पॅरिसला आंद्रे लोत यांच्या स्टुडिओत आणि पुढे इटलीत. लोत हे घनवादी (क्यूबिस्ट) वळणाचे शिक्षक, चित्राची बांधणी भूमितीत बसवून दाखवणारे. परतल्यावर काही काळ इन्व्हर्नेसच्या एका शाळेत नोकरी केली, म्हणजे शाळेतला कलाशिक्षक काय असतो हे त्यांनी थोडं का होईना अनुभवलं होतं. मग आपल्याच कॉलेजात अध्यापक म्हणून आले ते 1966 पर्यंत, साधारण चाळीस वर्षं. 1946 पासून चित्रकला विभागाचे प्रमुख होते, 1960 पासून कॉलेजचे प्राचार्य. 1970 साली नाइटहूड मिळालं, 1973 साली ते वारले.

आता फरक. गिलिस यांनी लग्न केलं नाही. आई आणि बहीण जॅनेट यांच्याबरोबर ते राहिले, घराची व्यवस्था त्या दोघी बघत. दुसरी बहीण एमा कुंभारकाम करणारी कलाकार होती, ती 1936 साली गेली. घरात चित्र काढणं ही सवड काढून करायची गोष्ट नव्हती, घराचा रिवाजच तसा होता. पगार नियमित होता, उन्हाळ्याची सुट्टी लांबलचक होती. वर्गात बसलेली मुलं चित्रकलाच शिकायला आलेली होती, आणि आजूबाजूचे सहकारी स्वतः चित्रं काढणारे होते. तुमच्या वाट्याला आठवीचा साठ-सत्तर मुलांचा वर्ग, एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांची तयारी, शाळेचे फलक, स्नेहसंमेलनाची सजावट, शिवाय निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामं. घरी लहान मूल आहे असं तुम्ही लिहिलंय. तेव्हा कामाच्या संख्येत त्यांच्याशी तुलना करून मन खट्टू करून घेऊ नका. ती तुलना मुळातच बसत नाही.

मग त्यांच्याकडून घ्यायचं काय? माझ्या लेखी सर्वांत मोलाची गोष्ट ही, की त्यांनी आपल्या कामाचा विषय घराजवळ आणून ठेवला आणि माध्यम असं निवडलं, जे मिळेल तेवढ्या वेळात पुरं होतं.

1939 साली गिलिस एडिंबर सोडून टेंपल नावाच्या खेड्यात राहायला गेले. मूरफूट टेकड्यांच्या पायथ्याशी, साउथ एस्क नदीच्या काठी, एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना घरं असलेलं हे गाव. तिथून ते कॉलेजला जात-येत आणि शेवटपर्यंत तिथेच राहिले. खिडकीतून दिसणारा रस्ता, परसातली झाडं, शेजारचं शेत, टेबलावरची भांडी-फळं, यांवर त्यांनी किती काम केलं ते बघितलं की माझ्यासारखा दरवर्षी नवा डोंगर शोधायला निघणारा माणूस अंतर्मुख होतो. सुट्टीत ते लांबही जात. मोटारसायकल काढून उत्तर-पश्चिमेचा डोंगराळ हायलँड्स, फाइफच्या किनाऱ्यावरची मासेमारीची बंदरं, बॉर्डर्समधल्या, म्हणजे इंग्लंडच्या सीमेलगतच्या भागातल्या नद्या. कधी मित्र आणि सहकारी चित्रकार जॉन मॅक्सवेल बरोबर असत. पण सत्र चालू असताना विषय दाराबाहेर पडलेला असे. "आज काय काढू?" या विचारात त्यांची संध्याकाळ जात नव्हती.

तुमची संध्याकाळ नेमकी तिथेच जाते, असा माझा अंदाज आहे. थकवा खरा आहे, पण मी शिकवत असताना माझ्या लक्षात आलेलं सांगतो. वर्गात दिवसभर आपण तयार उत्तरं देतो. स्मरणचित्रात माणसं कशी बसवायची, वस्तुचित्रात सावली कुठल्या बाजूला, संकल्पचित्रात रंगसंगती कोणती, सगळं ठरलेलं. परीक्षेसाठी ते द्यावंच लागतं, त्यात तुमचा दोष नाही. पण फळ्यावर तेच झाड शेकडो वेळा काढल्यावर हाताला तेच झाड येतं. घरी कोऱ्या कागदासमोर बसलं की पहिली रेघ फळ्यावरचीच उमटते, ती आपल्यालाच आवडत नाही, आणि ब्रश खाली ठेवला जातो. याला आपण "वेळ नाही" म्हणतो. वेळ कमी असतोच, पण हाताला लागलेलं हे वळण मोडल्याशिवाय मोकळा रविवार मिळूनही उपयोग होत नाही. म्हणूनच नोकरी सोडण्याने हा प्रश्न सुटेल असं मला वाटत नाही. नोकरी गेली तरी तोच हात सोबत येणारच.

हाताचं वळण मोडायला समोर खरी वस्तू लागते. मनातून, फोटोवरून, व्हॉट्सॲपवर आलेल्या प्रात्यक्षिकावरून नको. खिडकी, गॅलरी, शाळेच्या मागची बाभूळ, जे रोज दिसतं ते. रोज दिसणारी गोष्ट रोज थोडी वेगळी असते, आणि ते वेगळेपण फळ्यावरच्या झाडात मावत नाही. गिलिस यांचं टेंपल गाव बर्फात एक आहे, नांगरटीच्या वेळी दुसरं, संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात तिसरं. गाव तेच.

आता माध्यमाबद्दल. गिलिस तैलरंगातही मोठं काम करत. त्यांची स्थिरचित्रं, म्हणजे टेबल, पाण्याचा जग, फुलं, मागची खिडकी, बहुतांशी स्टुडिओत सावकाश जुळवलेली आहेत. निसर्गचित्राला मात्र ते जलरंग घेऊन बाहेर पडत आणि जागेवरच काम संपवत. तासाभरात, दीड तासात चित्र लागलं तर लागलं, नाही तर दुसरा कागद. शिकवणाऱ्या माणसाला हे माध्यम सोयीचं आहे, कारण ते अर्धवट ठेवताच येत नाही. तैलचित्र मांडून ठेवलं आणि पंधरा दिवस हात लागला नाही, की ते कोपऱ्यातून आपल्याकडे बघत राहतं, मनाला टोचतं. जलरंगात बैठक उठली की हिशेब मिटला.

त्यांच्या जलरंगांचे ढोबळमानाने दोन काळ आहेत, आणि तुम्ही सुरुवात कुठून करायची हे त्यावर अवलंबून आहे.

पहिला काळ 1930 च्या दशकातला. 1931 साली एडिंबरात सोसायटी ऑफ स्कॉटिश आर्टिस्ट्सच्या प्रदर्शनात नॉर्वेचे चित्रकार एडवर्ड मुंक यांची चित्रं आली होती. ब्रिटनमध्ये मुंक त्या वेळी फारसे कुणी पाहिलेले नव्हते. त्या चित्रांचा गिलिस यांच्यावर खोल परिणाम झाला. लोत यांच्याकडची कोनांची, पट्ट्यांची शिस्त त्यांनी तोवर बाजूला सारली होतीच. आता रंग सैल झाला, वाहू लागला. ओल्या कागदावर मोठ्या ब्रशने डोंगर, ढग, पाणी असं सगळं एका दमात. आर्डनमर्कन या पश्चिमेकडच्या द्वीपकल्पातली त्यांची चित्रं बघा. आभाळ कुठे संपलं आणि डोंगर कुठे सुरू झाला याची कड काही ठिकाणी नाहीच, आणि तरी डोंगराचं वजन कमी होत नाही. माझ्या दृष्टीने हे त्यांचं सर्वोत्तम काम.

दुसरा काळ युद्धानंतरचा. इथे रेघ येते. पेन्सिलीची किंवा पेनची बारीक रेघ शेताचे बांध, कुंपणं, निष्पर्ण झाडांच्या फांद्या आखून घेते, आणि रंग त्या रेघांच्या मधे पातळ, शांत बसतो. जमिनीचे पट्टे एकमेकांत गुंफलेले दिसतात, लोत यांची बांधणी इथे वेगळ्या रूपाने परत आलेली आहे. हे काम देखणं आहे, कधीकधी जरा जास्तच देखणं. काही चित्रांत मांडणी इतकी सुबक होते की त्या दिवसाची हवा हरवते. पण शिकण्यासाठी हा काळ फार चांगला.

तुम्हाला दुसऱ्या काळापासून सुरुवात करायला सांगेन. शाळेत रेघ तुमच्या हातात पक्की बसलेली आहेच, ती कामाला लावा. पाव इम्पिरिअल आकाराचा (साधारण 11 x 15 इंच) कागद, एक पेन, तीन रंग : अल्ट्रामरीन (निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा). खिडकीतून दिसणारं आधी रेघेत, पण वस्तूंची नावं विसरून. बाभळीची फांदी काढू नका, दोन फांद्यांमधली आभाळाची फट काढा. फळ्यावरचं झाड मोडायला यासारखा दुसरा उपाय मला सापडलेला नाही. मग वॉश, म्हणजे रंगाचा पातळ थर, एका जागी एकदाच, आणि उठा.

पहिल्या काळाचं वळण, म्हणजे ओल्यावर ओलं (भिजलेल्या कागदावर ओला रंग), हे थोडं उशिरा घ्या, आणि ऋतू बघून घ्या. याबद्दल सविस्तर लिहितो, कारण परदेशी चित्रकारांचं बघून आपल्याकडची मुलं इथेच फसतात. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर हवा दमट आणि थंड. भिजवलेला कागद बराच वेळ ओला राहतो, रंगाला पसरायला सवड मिळते. आपल्याकडे एप्रिलच्या उन्हात सोलापूर-नगरकडे बाहेर बसून कागद भिजवला, तर आभाळ संपेपर्यंत खालचा अर्धा भाग कोरडा ठाक झालेला असतो. तिथे चूक तुमच्या हाताची नसते, हवेची असते. उलट आषाढ-श्रावणात, कोकणात किंवा घाटाच्या बाजूला, कागद वाळता वाळत नाही. गिलिस यांच्या त्या चित्रांची हवा आपल्याला मिळते ती नेमकी तेव्हा. पावसाळ्यात चित्रं बंद ठेवायची आपली सवय आहे. ओल्या कामासाठी तोच मोसम धरा. व्हरांड्यात बसा, शाळेच्या ओसरीत बसा.

कागद 300 जीएसएमचा (जाड) घ्या, शक्यतो कॉटनचा. कार्ट्रिज, म्हणजे साधा ड्रॉइंगचा कागद ओल्या कामाला चालत नाही, फुगतो आणि पाणी खळग्यांत साचतं. उन्हाळ्यात करायचंच असेल तर कागद दोन्ही बाजूंनी भिजवून ॲक्रिलिकच्या किंवा प्लॅस्टिकच्या गुळगुळीत पाटीवर चिकटवा. खालून ओल धरून राहते, बराच वेळ मिळतो. वेळ सकाळी लवकरची.

आणि पाण्याची चकाकी वाचायला शिका. सगळं तंत्र त्यात आहे. कागद तिरका करून उजेडाकडे धरा. पृष्ठभाग आरशासारखा चमकत असेल तर रंग सोडलात की तो वाटेल तिकडे पळतो. तेव्हा फक्त आभाळाचा पहिला पातळ थर द्यावा. थोड्या वेळाने चमक मंदावते, रेशमासारखी होते. हा मोलाचा काळ. आता ब्रशमध्ये दाट रंग आणि कमी पाणी घेऊन डोंगराची कड ठेवा. ती मऊ पसरते पण जागा सोडत नाही. त्यानंतर चमक पूर्ण जाते, तरी हाताची मागची बाजू टेकवली तर कागद गार लागतो. या अवस्थेत हात मागे घ्या. इथे पाण्याचा एक थेंब पडला तरी आधी दिलेला रंग ढकलला जाऊन फुलकोबीसारखी खरखरीत कड उठते. नियम म्हणून एकच लक्षात ठेवा : कागदावर जेवढं पाणी आहे, ब्रशमध्ये त्याहून कमी हवं. कॉपी करायला चित्र घेऊ नका, आधी नुसत्या पट्ट्या करून या तीन अवस्था हातात बसवा.

शिकवण्याबद्दलही थोडं, कारण "शिकवण्याने चित्र मरतं" असं तुम्ही लिहिलंय. गिलिस यांच्या विद्यार्थ्यांकडे पाहा. विल्हेल्मिना बार्न्स-ग्रॅहम पुढे कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्ह्जला गेल्या आणि अमूर्ताकडे वळल्या. रॉबिन फिलिप्सन युद्धात भारत-ब्रह्मदेशात सैनिक म्हणून होते, परत आल्यावर कोंबड्यांच्या झुंजींची धगधगीत तैलचित्रं काढली आणि गिलिस यांच्यानंतर त्याच विभागाचे प्रमुख झाले. एलिझाबेथ ब्लॅकॅडर यांनी फुलं आणि मांजरं जलरंगात अशी काही आणली की त्यांचा कागदाचा रिकामा भागही बोलतो. 1962 पासून 1986 पर्यंत त्यांनीही त्याच कॉलेजात शिकवलं, म्हणजे चित्रकार-शिक्षकाचं दुसरं भक्कम उदाहरण. या तिघांत कुणीही गिलिस यांची नक्कल वाटत नाही. यावरून मी एवढाच निष्कर्ष काढतो की स्वतःची शैली वाटण्यात त्यांची शक्ती खर्च होत नव्हती. ती शैली त्यांच्याकडेच राहिली, टेंपलला, संध्याकाळी वापरायला. तुमच्या शाळेतही हे थोड्या प्रमाणात करता येतं. परीक्षेचा भाग सोडला तर फळ्यावर नमुना काढणं कमी करा. मुलांसमोर वस्तू ठेवा, मुलांना व्हरांड्यात घेऊन जा, आणि त्या वेळात तुम्हीही वहीत तेच काढा. मुलं गुरुजींना काढताना बघतात तेव्हा फळ्यावरच्या नमुन्यापेक्षा जास्त शिकतात, आणि तुमच्या दिवसातली ती वीस मिनिटं तुमची होतात. मुख्याध्यापक कसे आहेत यावर हे किती जमेल ते अवलंबून, हे मला माहीत आहे.

तर नोकरीचं काय? घरचं कर्ज, जोडीदाराची कमाई, गावात खासगी क्लास चालेल की नाही, हे तुम्हालाच ठाऊक. आज एकच सांगतो : आत्ता सोडू नका. हात बंद असताना नोकरी सोडणाऱ्याला चित्रं विकण्याची घाई होते, आणि घाईत जे विकलं जातं तेच पुन्हा पुन्हा काढावं लागतं. ते फळ्यावरच्या झाडाचंच दुसरं रूप. पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीपर्यंत एक खिडकी आणि पाव इम्पिरिअल कागद एवढंच धरून चला. आठवड्याला दोन बैठका झाल्या तरी पुरे. फाडू नका, तारीख घालून ठेवा. मग ती सगळी चित्रं जमिनीवर ओळीने मांडून बघा. शेवटच्या चित्रांत पहिल्यांपेक्षा बाभूळ जास्त आणि "झाड" कमी दिसत असेल, आणि तरीही वेळ पुरत नसल्याची तीच तक्रार असेल, तर अर्धवेळ नोकरीचा किंवा बिनपगारी रजेचा विचार करायला अर्थ आहे. तेव्हा पुन्हा लिहा, त्या वेळी आकडेमोडीचं बोलू.

गिलिस यांची चित्रं पाहायची तर नॅशनल गॅलरीज ऑफ स्कॉटलंड आणि रॉयल स्कॉटिश अकादमी यांच्या संकेतस्थळांवर भरपूर आहेत. त्यांनी आपल्याकडचं काम मृत्युपत्राने अकादमीलाच दिलं. आधी युद्धानंतरचे बॉर्डर्समधले रेघेचे जलरंग बघा, त्यातलं एखादं घेऊन फक्त आभाळाच्या फटी पेन्सिलीने वहीत उतरवा. आर्डनमर्कनची चित्रं पाऊस सुरू झाल्यावर उघडा.